चाळीस नंबरचं वाक्य

एकोणचाळीस वाक्यं बाबांनी खरी केली होती. चाळिसावं तेवढं राहिलं होतं आणि त्यात एक माणूस मरत होता.

परीक्षा शुक्रवारी. सोमवार उजाडला तरी आमच्याकडे माणूस नव्हता.

हे असं एकदम सांगितलं की लोक खुर्ची जरा मागे घेतात, म्हणून नीट सांगतो. माझी ताई परदेशात असते. तिला बाळ होणार होतं आणि आई-बाबा तिच्याकडे जाणार होते. परीक्षेनंतरच्या मंगळवारची तिकिटं काढून झाली होती. पण तिकडे तीन महिने राहायचं तर प्राथमिक इंग्रजीचा दाखला लागतो. दाखल्यासाठी तोंडी परीक्षा असते. परीक्षेसाठी एक हिरवी पुस्तिका असते आणि तिच्यात रोजच्या बोलण्यातली चाळीस वाक्यं असतात. कधीपासून, किती वेळ, केव्हापर्यंत, किती वर्षांपूर्वी, या शब्दांच्या जागा तेवढ्या रिकाम्या. परीक्षक चाळिसांतली कुठलीही पाच विचारतो. पाचही बरोबर आली तर शिक्का, नाहीतर आई एकटी विमानात बसणार आणि बाबा माझ्याबरोबर घरी राहणार. या दुसऱ्या शक्यतेची धास्ती बाबांना जास्त होती की मला, हे सांगणं अवघड आहे.

आई पहिल्या फटक्यात पास झाली. ‘काल मी तासभर पियानो वाजवत होते’ हे वाक्य तिने इतकं ठणठणीत म्हटलं की परीक्षकाने पुस्तिका बाजूला ठेवून विचारलं, काय वाजवता? आई म्हणाली, येतं ते. मग स्वतःहून म्हणाली की हल्ली बोटं दुखतात. परीक्षक हळहळला. आईने पियानो आयुष्यात एकदाच पाहिला आहे, तोही दुकानाच्या काचेतून, आणि तेव्हा ती म्हणाली होती की याच्यावर इस्त्री छान होईल.

बाबा नापास झाले. इंग्रजीत नव्हे, खरेपणात.

बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. स्वतः तोलून पाहिल्याशिवाय त्यांनी चौतीस वर्षांत एका वजनावर शिक्का मारला नाही. आईच्या वडिलांचं वाण्याचं दुकान होतं. लग्न ठरल्यावर बाबा तिथे पहिल्यांदा गेले, चहा घेतला आणि निघताना तराजू जप्त करून घेऊन गेले. असा माणूस परीक्षकासमोर बसला. परीक्षकाने विचारलं, या घरात तुम्ही किती वर्षं राहता? पुस्तिकेतलं उत्तर होतं, दहा वर्षं. बाबा गप्प झाले. परीक्षकाला वाटलं, अडले. ते अडले नव्हते, हिशेब करत होते. नऊ वर्षं आठ महिने, वजा अपेंडिक्ससाठी दुसऱ्या गावच्या दवाखान्यात काढलेले सतरा दिवस. उत्तर तयार झालं तेव्हा घंटा होऊन गेली होती. निकालावर शेरा आला : वेळेत उत्तर नाही.

काळवेळेच्या परीक्षेत हा शेरा. बाबा दोन दिवस तो शेरा वाचत बसले. तिसऱ्या दिवशी मी समजूत काढायला गेलो. म्हटलं, बाबा, ती पुस्तकातली वाक्यं असतात, ती खरी नसतात.

“मग ती मी का म्हणू?”

“म्हणायची असतात म्हणून. आणि एवढं वाटतं तर करा एकेक खरं आणि मग म्हणा.”

हा विनोद होता. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर गंभीर चेहऱ्याने लोकांना ‘आता कसं दिसतंय?’ विचारतो. त्यामुळे माझा विनोद कुठे सुरू होतो ते घरात कोणाला कळत नाही. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हे नियमात बसतं,” ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी जाड पुठ्ठ्याची नोंदवही आली. वाक्य क्रमांक, तारीख, वेळ, स्थळ आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. त्यातला एक साक्षीदार घराबाहेरचा हवा, हा खात्याचा जुना नियम. घराबाहेरचे म्हणून शेजारचे विमाकाका आले. ते विमा विकतात आणि त्यांना सही करायला आवडते. मी विचारलं की वाक्य आज खरं झालं, पण परीक्षा चार महिन्यांनी आहे, तोवर ते परत खोटं नाही का होणार? बाबांनी माझ्याकडे नव्या उमेदवाराकडे पाहावं तसं पाहिलं. “वजनावर एकदा शिक्का बसला की वर्षभर चालतो.”

मी पेन आणून दिलं.

वरच्या मजल्यावरच्या टीचरबाई शिकवणीला आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी भिंतीकडे बोट करून सांगितलं, “सिन्स म्हणजे खिळा. वेळेच्या भिंतीत जिथे ठोकला, तिथपासून. सिन्स मंडे, सिन्स एट ओ’क्लॉक. फॉर म्हणजे दोरी. तिची लांबी सांगायची. फॉर टू डेज, फॉर नाइन अवर्स. अगो म्हणजे तीच दोरी, पण मागे टाकलेली. टू डेज अगो. आणि बाय म्हणजे फाटक. बाय फ्रायडे, म्हणजे शुक्रवारचं फाटक बंद व्हायच्या आत.” बाबांचा चेहरा उजळला. चार आठवडे ज्या इंग्रजीशी ते झगडत होते ती मोजमापाची भाषा निघाली होती. त्यांनी बाईंना फक्त एवढंच विचारलं की दोरी कोणी प्रमाणित केली आहे. बाई म्हणाल्या, उद्या येते.

एक नंबर, दहा वर्षं घरात राहण्याचं, ते नुसतं बसून खरं होणार होतं. पियानोचं वाक्य वाद्यांच्या दुकानात झालं. बाबांनी एक तास पियानो वाजवला. म्हणजे एकच पट्टी, डावीकडून चौथी, एक तास. दुकानदाराने वीस मिनिटांनी विचारलं की साहेब, घेणार आहात का. बाबा म्हणाले, नाही, अजून चाळीस मिनिटं आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ‘काल मी तासभर पियानो वाजवत होतो’ असं वाक्य म्हटलं आणि विमाकाकांनी सही केली. दुकानदाराचीही सही घ्यावी असं बाबांचं मत होतं, पण त्याने आम्हाला लांबून पाहून शटर ओढलं.

सोळा नंबरच्या वाक्यात गाडी चुकवायची होती. ‘आम्ही स्टेशनवर पोचलो त्याच्या पाच मिनिटं आधी गाडी सुटली होती.’ गाडी नऊ वीसची. आम्ही नऊ पंचविसाला पोचलो. गाडी उभी. तिकीट तपासनीस ओरडला, या, या, मिळतेय. बाबा म्हणाले, नको. दुसऱ्या दिवशी परत गेलो, परत उभी. तपासनीस आता ओळखीचा झाला होता, त्याने बाबांचा हात धरून डब्यात चढवायला कमी केलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबा चौकशीच्या खिडकीशी गेले आणि विचारलं, नऊ वीसची आज वेळेवर सुटेल का, मला ती चुकवायची आहे. मला वाटलं, आता हा माणूस कोणालातरी बोलावणार. त्याने वर न बघता वेळापत्रकाचं पान उलटलं.

“नऊ वीसची भरवशाची नाही,” तो म्हणाला. “दहा चाळीसची चुकवा. ती वेळेवर असते.”

ती आम्ही व्यवस्थित चुकवली.

तेवीस नंबरमध्ये मी होतो. ‘माझा मुलगा नऊ तास झोपलेला आहे.’ अखंड नऊ तास आणि साक्षीदारांच्या देखत. साक्षीदारांच्या सोयीने रविवार सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ठरलं. मी आदल्या रात्रीचा झोपून ताजातवाना उठलो होतो. विमाकाका खाटेशी खुर्ची टाकून बसले. दार उघडं होतं, त्यामुळे येणारे-जाणारे आत डोकावत. टीचरबाई म्हणाल्या, झोपेत चेहरा जरा बरा दिसतो. आईने आल्यागेल्याला चहा केला. विमाकाका एका पाहुण्याला हळू आवाजात सांगत होते की अशी दिवसाढवळ्या झोप चांगली नाही, याच वयात विमा काढून ठेवावा. हे सगळं मला कसं ऐकू आलं, असं तुम्ही विचाराल. तेच बाबांनीही विचारलं, कारण आठ तास पन्नास मिनिटांनी मला शिंक आली. पुढचा रविवारही त्यातच गेला. त्या वेळी मला खरंच झोप लागली आणि मी घोरत असताना विमाकाकांनी माझ्या उशाशी बसून इमारतीतल्या दोघांना विमा विकला.

पण खरा मानभंग एकतीस नंबरने केला. ‘मी माझ्या मामांना पाच वर्षांत पाहिलेलं नाही.’ बाबांच्या मामांना बाबांनी चार वर्षं साडेअकरा महिने पाहिलं नव्हतं. दोन आठवडे फक्त थांबायचं होतं. तर मामा दारात उभे, हातात पिशवी, म्हणाले, फार दिवस झाले, म्हटलं भाच्याला बघून यावं. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

मामा दीड तास बसले. बाबांनी डोळे मिटून स्वागत केलं, डोळे मिटून तब्येत विचारली आणि डोळे मिटून चहा बरोबर त्यांच्या मांडीवर सांडला. मामा निघताना बाबा भिंतीला धरून दारापर्यंत पोचवायला गेले आणि खुंटीवरच्या कोटाला नमस्कार करून आले. नोंदवहीला धक्का लागला नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकानात एका बाईंना लांबचं वाचायला लावत होतो तेव्हा मामा आत आले. दुकान गच्च भरलेलं, मालक गल्ल्यावर.

“बाप आंधळा झाला,” मामा माझ्याकडे बोट करून म्हणाले, “आणि हा गावाला चष्मे विकतो.”

मालकांनी मला संध्याकाळी बाजूला घेऊन सांगितलं की घरच्यांसाठी फ्रेमवर सवलत असते, लाजायचं नाही.

अशी एकोणचाळीस झाली. राहिलं चाळीस. ‘बाय द टाइम द डॉक्टर केम, द पेशंट हॅड डाइड.’ डॉक्टर येईपर्यंत रोगी मरून गेलेला होता.

बाबांनी आधी कायदेशीर बाजू तपासली. टीचरबाईंना विचारलं, पेशंट माणूसच लागतो का? बाई म्हणाल्या, झाडाला कोणी पेशंट म्हणत नाही. आईने कुंडीतलं एक रोप आठवडाभर कोमेजवत ठेवलं होतं, ते निमूटपणे पाण्याखाली नेऊन धरलं. मी म्हटलं, बाबा, चाळिसांतलं एक, विचारलंच नाही तर? बाबा म्हणाले, दुकानात चाळीस वजनं असली तर मी एकोणचाळीस तपासून परत येत नसे.

मग विमाकाकांनी सल्ला दिला. ते जरा पुढे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “सरकारी दवाखाना. पुरुषांचा वॉर्ड, खाट नंबर सात. वय ब्याऐंशी, आजार तीन. मी स्वतः त्याचा विमा नाकारलाय.”

भेटीची वेळ चार ते सहा. आत जायला पास लागतो. पासवर ‘रोग्याशी नातं’ असा रकाना होता. बाबांनी लिहिलं, ‘काही नाही’. खिडकीतल्या बाईने पास परत दिला, नातं लिहा म्हणाली. बाबा म्हणाले, नाहीच आहे. ती म्हणाली, मग भेटायचं कशाला? बाबांनी खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी मध्ये पडून ‘भाचे आहेत’ म्हणालो. तिने ते पासवर लिहिलं. बाबांनी पास घेतला आणि जिन्यावर थांबून नातं खोडून काढलं.

सात नंबरवर एक म्हातारा शिंपी होता. अंगावर चादर आणि चादरीच्या बाहेर फक्त नाक आणि दोन डोळे. बाबा स्टुलावर बसले, नोंदवही मांडीवर उघडली, घड्याळ काढून समोर ठेवलं. शिंप्याने बराच वेळ हे पाहिलं.

“तुम्ही कोणाकडे आलात?”

“तुमच्याकडे.”

“कशाला?”

मी बाबांचा सदरा मागून ओढला. उपयोग नव्हता.

“माझं एक वाक्य अडलंय,” बाबा म्हणाले. “त्यासाठी तुम्ही डॉक्टर यायच्या आधी मरायला हवं. शुक्रवारच्या आत.”

मी दाराकडे जायचा रस्ता मनातल्या मनात मोजला. शिंप्याने घड्याळाकडे पाहिलं. मग विचारलं, “डॉक्टर पाचला येतो. साडेचारला गेलो तर चालेल?”

“पाचच्या आधी कधीही.”

“बघतो,” शिंपी म्हणाला. “शब्द देत नाही. पण प्रयत्न करतो.”

इतक्या समजूतदार माणसाशी बाबांची गाठ फार वर्षांनी पडली होती. त्यांनी त्याला सगळं सांगितलं. ताईचं, बाळाचं, पुस्तिकेचं, गाडी चुकवण्याचं. खोकला मध्येमध्ये येत होता तरी शिंपी मामांच्या गोष्टीला दोनदा हसला. मग म्हणाला, परदेशात जायचं तर कोट आहे का? बाबा म्हणाले, आहे, जुना. शिंप्याने उशीखालून टेप काढली. चार महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेला माणूस, टेप उशीखाली. त्याने पडल्या पडल्या बाबांची छाती मोजली. बाबांनी टेप हातात घेतली, आपल्या खिशातल्या पट्टीला लावून पाहिली आणि गंभीर झाले. टेप ताणून ताणून वाढली होती. यार्डामागे अर्धा इंच.

शिंपी उठून बसला. नर्स लांबून धावत आली, कारण तो उठून बसत नसे.

“म्हणजे पन्नास वर्षं,” तो म्हणाला, “मी लोकांना घट्ट कपडे घालत होतो?”

“आणि ते पोट आत घेत होते,” बाबा म्हणाले.

त्यानंतर गोष्ट आमच्या हातातून गेली. मंगळवारी शिंपी भाकरी मागून जेवला. बुधवारी त्याने बाबांकडून पुस्तिकेतली अकरा वाक्यं ऐकून पाठ केली आणि स्वतःबद्दल ‘आय हॅव बीन लाइंग हिअर फॉर फोर मंथ्स’ असं खरंखुरं वाक्य म्हटलं. नर्सने बाबांना बाजूला घेऊन विचारलं की तुम्ही नऊ नंबरजवळही बसाल का. बाबा रोज सहाला बाहेर पडत आणि रस्त्यात एकदाच म्हणत, “सुधारतोय.” त्या एका शब्दात आनंद होता की तक्रार, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

गुरुवारी आम्ही पावणेपाचला पोचलो. खाट नंबर सात रिकामी होती. चादर काढलेली, गादी दुमडलेली.

बाबांनी घड्याळ काढलं नाही. नोंदवही उघडली नाही. ते स्टुलावर बसले आणि दुमडलेल्या गादीकडे पाहत राहिले. मी म्हटलं, बाबा, डॉक्टर पाचला येतात, नोंद? त्यांनी मान हलवली. “राहू दे,” ते म्हणाले. “खोड ते वाक्य. बिचारा शब्द नाही देत म्हणाला होता.” मी त्यांना रडताना पाहिलेलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही, पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावायचा विसरले.

नर्स आली. “सात नंबर? गेले ते.”

“किती वाजता?” बाबांनी विचारलं. सवय.

“चारला. स्वतःच्या पायांनी. डॉक्टरांसाठी थांबा म्हटलं तर म्हणाले, पन्नास वर्षांची गिऱ्हाइकं आहेत, एकेकाची माफी मागायचीय. तुमच्यासाठी निरोप आहे. कोटाच्या मापात अर्धा इंच सैल धरलाय.”

पाचला डॉक्टर आले, रिकामी खाट पाहिली आणि नर्सवर चिडले. बाबा त्यांच्याकडे पाहून इतके प्रसन्न हसले की डॉक्टर त्यांच्यावरही चिडले.

शुक्रवार. तोच परीक्षक. आई आणि मी मागच्या बाकावर. परीक्षकाने आईला ओळखलं आणि बोटांची चौकशी केली. मग बाबांकडे वळला. एक नंबर : दहा वर्षं. बाबांनी खणखणीत म्हटलं, कारण त्या आठवड्यात दहा वर्षं आणि अपेंडिक्सचे सतरा दिवस दोन्ही भरले होते. सोळा नंबर, गाडी. तेवीस नंबर, मी. एकतीस नंबर, मामा. प्रत्येक वाक्यानंतर बाबा नोंदवहीचं पान वळवून परीक्षकाला सह्या दाखवत होते आणि परीक्षकाने दुसऱ्या पानानंतर चष्मा बदलला.

“चाळीस,” परीक्षक म्हणाला.

आईने माझा हात धरला. बाबांनी पान उलटलं. कोरं. घंटेच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. मी मनात म्हणत होतो, बाबा, एकदा. मुलीसाठी. एक खोटं वाक्य, दहा शब्द.

“बाय द टाइम द डॉक्टर केम,” बाबा म्हणाले आणि थांबले. मग सावकाश, एकेक शब्द तराजूत टाकावा तसे म्हणाले, “द पेशंट हॅड गॉन होम.”

डॉक्टर येईपर्यंत रोगी घरी गेला होता.

परीक्षकाने आपल्याकडची उत्तरसूची पाहिली. “इथे ‘मेला’ आहे.”

“नाही मेला,” बाबा म्हणाले. “मी तिथे होतो.”

परीक्षकाने नियमावली काढली, पानं चाळली, एका ओळीखाली बोट ठेवून दोनदा वाचलं. मग म्हणाला की गुण काळवेळेच्या शब्दांना आहेत, रोग्याच्या प्रकृतीला नाहीत. आणि शिक्का मारला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दाखला पुढच्या खोलीत मिळतो आणि दाखल्याआधी एका छापील कागदावर सही करावी लागते. ‘मी किमान सहा महिने इंग्रजीचा अभ्यास केला आहे.’ बाबांनी पेन उघडलं, वाचलं आणि पेन बंद केलं. पुस्तिका घेऊन पाच महिने बावीस दिवस झाले होते.

“पुढच्या शनिवारी येतो,” ते कारकुनाला म्हणाले.

विमान मंगळवारी होतं. कारकून म्हणाला, साहेब, सगळेच करतात सही, काही जण तर पुस्तिका आज सकाळी घेतात. हे त्याने बोलायला नको होतं, कारण बाबांनी त्या लोकांची नावं विचारली. मी विनवलं, चिडलो, दोनदा बाहेर जाऊन आत आलो. बाबा हलेनात. शेवटी आई पुढे आली आणि कागदावर हात ठेवला.

“लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा तुम्हाला चहा दिला,” ती म्हणाली. “तुम्ही काय म्हणालात?”

बाबा आठवू लागले. “थँक्यू.”

“मी विचारलं, हे काय नवीन? तर काय म्हणालात?”

बाबांचे कान लाल झाले. “इंग्रजी शिकतोय, म्हणालो.”

“मग? कधीपासून शिकताय? तेव्हापासून. खिळा तिथे आहे.”

बाबा हिशेबाला लागले, मग एकदम थांबले. “साक्षीदार? एक घराबाहेरचा लागतो.”

“मी आहे की. लग्नाला तीन दिवस झाले होते. मी कुठे तेव्हा तुमच्या घरची झाले होते?”

बाबांनी हा मुद्दा सगळीकडून तपासला. त्यात वजन होतं. त्यांनी ‘सहा महिने’ खोडलं आणि वर नीट अक्षरात लिहिलं, ‘तेहतीस वर्षं, दोन महिने, चार दिवस’. कारकुनाने वाचलं.

“तेहतीस वर्षं शिकून प्राथमिक?”

“घाई नव्हती,” बाबा म्हणाले.

मंगळवारी दोघं गेले. बाबांच्या अंगात नवा कोट होता, अर्धा इंच सैल. विमाकाका पोचवायला आले होते आणि सवयीने बाबांच्या बोर्डिंग पासवर सही करायला निघाले होते. घरी मी आणि नोंदवही उरलो. मी रविवारी नऊ तास झोपायचं ठरवलं होतं, कोणाच्याही देखरेखीशिवाय.

रविवारी सकाळी सव्वानऊला फोन वाजला.

“नोंदवही घे,” बाबा म्हणाले. “चाळीस नंबर.”

मागे कोणीतरी जोरजोरात रडत होतं. मी नोंदवही घेतली.

“लिही. बाय द टाइम द डॉक्टर केम, द बेबी हॅड कम. डॉक्टर अकरा मिनिटं उशिरा आला, मी त्याला घड्याळ दाखवलं. सॉरी म्हणाला. मी म्हटलं, नो सॉरी, थँक्यू.” त्यांनी श्वास घेतला. “मुलगी आहे. ताई छान आहे. साक्षीदार नर्स, ती बाहेरची. दुसरी तुझी आई.”

“आणि बाबा, वजन?”

“तीन किलो दोनशे,” ते म्हणाले. “काटा मी आधी तपासून घेतला होता.”

मी लिहून घेतलं. मग म्हणाले, थांब, खाली एकेचाळीस टाक. मी म्हटलं, बाबा, पुस्तिकेत चाळीसच आहेत. ते म्हणाले, टाक. आणि घसा साफ करून, परीक्षकासमोर बसल्यासारखे, म्हणाले, “आय हॅव बीन अ ग्रँडफादर फॉर ट्वेंटी-थ्री मिनिट्स.”

मी ते लिहून पुरं करतोय तोच पुन्हा आवाज आला.

“खोड. ट्वेंटी-फोर.”

आईने फोन काढून घेतला तेव्हा आम्ही एकतिसाव्या मिनिटावर होतो. पान भरलं होतं आणि प्रत्येक ओळ खरी होती.